छातीत दुखते म्हटल्यावर डॉक्टर आधी इतके प्रश्न का विचारतात?

ईसीजी आणि रक्ततपासणी हाताशी असताना डॉक्टर प्रश्न विचारण्यात वेळ का घालवतात, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. परंतु याच मुद्द्यावर थोरल्या भावाशी माझा जुना वाद असल्यामुळे लिहितो.

आमच्या वडिलांना मधुमेह आहे. एका संध्याकाळी ते अस्वस्थ झाले, तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी "छातीत दुखतंय का?" एवढेच विचारले आणि वडिलांनी प्रामाणिकपणे "नाही" म्हटले. ईसीजी नॉर्मल आला, पित्ताची गोळी मिळाली, ढेकर आल्यावर बरेही वाटले. रात्री दरदरून घाम फुटला म्हणून दुसरीकडे नेले. तेथील डॉक्टरीणबाईंनी ईसीजीच्या पट्ट्या लावता लावता विचारले, "जिना चढताना काय होतं?" वडील म्हणाले, "मधल्या वळणावर थांबावं लागतं. छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं," आणि बोलताना त्यांनी मूठ छातीच्या मधोमध दाबून धरली. हाही ईसीजी जवळजवळ नॉर्मल होता. तरीही त्या मुठीमुळे बाईंनी त्यांना ठेवून घेतले. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन; त्याचा पहिला नमुना सीमारेषेवर होता, 3 तासांनी घेतलेला दुसरा स्पष्ट वाढलेला निघाला. हृदयविकाराचा झटकाच होता.

दादा म्हणतो, पहिल्या डॉक्टरांचे यंत्र जुने होते. मला हे साफ अमान्य आहे. ईसीजी ही काही सेकंदांची नोंद असते आणि झटका आलेला असतानाही ती नॉर्मल दिसू शकते. कोणती तपासणी करायची आणि ती पुन्हा करायची का, हे रुग्णाच्या सांगण्यावरूनच ठरते. श्वास घेताना टोचणारी कळ फुफ्फुसाच्या आवरणाकडे बोट दाखवते, पुढे वाकल्यावर हलके वाटणे हृदयाच्या आवरणाच्या सुजेकडे, तर एकाएकी फाटल्यासारखी पाठीत गेलेली कळ महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटण्याकडे. असा संशय आला, की दोन्ही हातांच्या रक्तदाबात फरक आहे का, हे मोजून पाहतात.

अर्थात यांपैकी एकही खूण एकटी पुरेशी नसते. बरगडी दाबल्यावर दुखले किंवा पित्ताच्या गोळीने आराम पडला, म्हणून हृदयविकार नाही असे ठरत नाही. त्यामुळे घरी निदान करत बसू नये. रुग्णालयात पोहोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी व्हावा, असा दंडक आहे.

वडिलांनीच नीट सांगायला हवे होते, हे दादाचे शेवटचे म्हणणे. मधुमेहात नसांवर परिणाम होऊन हृदयाचे दुखणे पुष्कळदा जाणवतच नाही. जे दुखलेच नाही, ते त्यांनी दुखते म्हणून कसे सांगायचे होते?