'क्लॉइस्टर्ड नन'ला मराठीत 'एकांतवासी' म्हणता येईल का?

नाही. एकांतवासी म्हणजे एकटा राहणारा. मठाबाहेर न पडणाऱ्या या ख्रिस्ती धर्मभगिनी जन्मभर एकत्र राहतात, जेवतात, प्रार्थना करतात. मूळ लॅटिन 'क्लॉस्ट्रम' म्हणजे अडसर, बंद जागा. क्लॉस्ट्रोफोबिया, म्हणजे बंद जागेची भीती, हा शब्द त्यातूनच आला. मठातल्या चौकाभोवतीच्या छपराखालच्या वाटेलाही क्लॉइस्टर म्हणतात. मी सरळ 'मठवासी धर्मभगिनी' लिहिते.

माझी आत्या कार्मेलाइट या कॅथलिक पंथाच्या मठात आहे, म्हणून हा विषय निघाला की मला राहवत नाही. आमचे मोठे काका दर लग्नकार्यात 'बिचारीला कोंडून ठेवलंय' हे पालुपद लावतात. भेटायला मात्र एकदाही गेले नाहीत. मी जाते. भेटीच्या खोलीत मधोमध जाळी, पलीकडे ती. काही द्यायचं तर भिंतीत पिंपासारखं फिरतं कपाट असतं, त्यात ठेवून फिरवायचं. आणि ती बसते ती चौकश्यांचा पेटाराच उघडून. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, कुणाचा साहेब छळतो, सगळं तिला ठाऊक, कारण 'माझ्यासाठी प्रार्थना कर' म्हणून घरातला जो तो तिला पत्र लिहितो. काकांच्या घरातल्या कुरबुरी काकांच्या आधी तिला कळतात. त्यांची सूनच लिहिते. घंटा झाली की मात्र वाक्य अर्धं टाकून उठते.

तिच्या पंथात सुधारणा घडवणाऱ्या तेरेसांनी १५६२ मध्ये आविलाला पहिला मठ काढला आणि पुढे नवे मठ काढत गाडीत बसून स्पेनभर फिरल्या. हे काकांना सांगून झालंय. उपयोग शून्य.

हां, इंग्रजीत 'क्लॉइस्टर्ड' हा शब्द लाक्षणिक अर्थानेही येतो, बहुधा टोमण्यासारखा: जगाचा वारा न लागलेला. तिथे 'मठवासी' लिहाल तर हसं होईल. आणि मठात सगळ्याच आपखुशीने गेल्या असंही नाही. आठव्या बोनिफेस पोपनी १२९८ मध्ये सर्वच धर्मभगिनींना मठाबाहेर पडायला बंदी केली, आणि हुंडा वाचावा म्हणून मुलींना मठात धाडणारे बापही युरोपात होऊन गेले. काकांना हे कळलं तर पुढच्या लग्नात मला तोंड उघडू देणार नाहीत. पण आत्या गेली ती चांगली नोकरी सोडून, सगळ्या घराशी भांडून. जायच्या आदल्या रात्री तिची बॅग माळ्यावर लपवून ठेवणारे काकाच होते.