शरीराबाहेर जाण्याआधी झोप सांभाळ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या लांबलचक पत्रातला खरा प्रश्न तू अगदी तळाशी, एका ओळीत लिहिला आहेस : "मावशी, बाहेर गेले आणि परत येता आलं नाही तर?" म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. परत येता येतं, आणि त्यासाठी वेगळं काही करावंही लागत नाही. आपण छताजवळ तरंगतोय असं तुला वाटतं, तेव्हा पलंगावरचं शरीर काही ओस पडलेलं नसतं. श्वास चालू असतो, हृदय चालू असतं आणि मेंदू तर चांगलाच कामात असतो. कुकरची शिट्टी झाली, लघवीला लागली, गजर वाजला की डोळे उघडतात. या वाटेने जाणाऱ्या बहुतेकांची तक्रार नेमकी उलटी असते : जरा हुरळलं की सगळं विरून जातं आणि डोकं पुन्हा उशीवर.

बाहेर गेलेल्या आपल्याला शरीराशी जोडून ठेवणारा एक चंदेरी धागा असतो आणि तो तुटला की माणूस मरतो, हेही मनातून काढून टाक. रुपेरी दोरी तुटण्याची प्रतिमा बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकात मृत्यूसाठी आली आहे. पुढे पाश्चात्त्य गूढविद्येच्या पुस्तकांनी ती उचलली, आणि आता प्रत्येक व्हिडिओत तो धागा असतो. असे अनुभव सांगणाऱ्या बहुतेकांना तो दिसतच नाही. आपल्याकडची भीती जरा वेगळी आहे. शंकराचार्य अमरुक राजाच्या देहात शिरले आणि शिष्यांनी त्यांचं मूळ शरीर गुहेत राखलं, ही गोष्ट लहानपणी ऐकली की मनात ठसतं : राखण नसली तर आपलं शरीर दुसरं कुणी बळकावील. ती कथा परकायाप्रवेशाची आहे. तू अनुभवलंस ते तसं काही नव्हतं.

मग काय होतं? तू लिहितेस की रात्रपाळी करून आलीस, सकाळी उताणी झोपलीस, मध्येच जाग आली तर बोटही हलेना, कानात मधमाश्यांसारखा गुंजारव, छातीवर वजन, दाराशी कुणीतरी उभं. गावाकडे याला 'छातीवर भूत बसलं' म्हणतात. डॉक्टर निद्रापक्षाघात म्हणतील. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो, नाहीतर आपण स्वप्नातलं धावणं पलंगावरच धावलो असतो. कधीकधी भान आधी जागं होतं आणि ते कुलूप मागाहून उघडतं. या झोपेत बरगड्यांमधले स्नायूही ढिले असतात, श्वास मुख्यतः श्वासपटलावर चालतो. त्यामुळे मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलं की तो घेता येत नाही आणि छाती दाबल्यासारखी वाटते. दाराशी कुणी असल्याची जाणीवही याच अवस्थेचा भाग आहे. २०११ साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात आयुष्यात एकदा तरी असं झालेले विद्यार्थी सुमारे २८ टक्के निघाले, आणि सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आत होतं. अपुरी झोप, वेळीअवेळी झोप आणि उताणं झोपणं या तिन्हींनी हे वाढतं, आणि तुझ्याकडे त्या दिवशी तिन्ही होतं.

पुन्हा झालं तर झगडू नकोस. ओरडायचा प्रयत्न केलास की भीती वाढते आणि सुटका लांबते. डोळे हलवता येतात, ते डावीकडे-उजवीकडे फिरव. श्वास लहान आणि संथ ठेव. मग फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न कर. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत शरीर हाती येतं. दिवा लाव, बस, पाणी पी, आणि परत झोपताना कुशीवर झोप.

याच उंबरठ्यावरून तू वर गेलीस. त्याचा थांगही थोडाफार लागलेला आहे. २००२ साली जिनिव्हात ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी अपस्माराच्या एका रुग्ण बाईच्या मेंदूची तपासणी करत होते. उजव्या बाजूच्या अँग्युलर गायरस या भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा ती म्हणाली, मी वरून स्वतःला पलंगावर पडलेली पाहतेय. प्रवाह थांबला की अनुभव थांबे. आपण कुठे आहोत ही जाणीव डोळे, त्वचा, स्नायू आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मिळून क्षणोक्षणी घडवत असतात. त्यांची जुळणी बिघडली की 'मी' शरीराबाहेर सापडतो. २००७ साली निरोगी माणसांनाही कॅमेरे आणि चष्म्यांतले पडदे वापरून याची झलक देता आली.

म्हणून काय हे सगळं खोटं? अजिबात नाही. मी गेली कित्येक वर्षं या अवस्थेत जात आले आहे आणि तिची ओढ अजून आहे. शरीराचं जडपण गळून पडतं आणि तरी आपण असतोच, हा अनुभव माणसाला आतून शांत करतो. माझ्या मनात मरणाविषयी जो धाक होता, तो याने बराच ओसरला. पण अनुभव खरा असणं ही एक गोष्ट, आणि आपण खरोखर खोलीबाहेर हिंडून आलो हा दावा ही दुसरी. एकदा मला वरून भिंतीवरचं कॅलेंडर स्वच्छ दिसलं, महिन्याच्या नावासकट. उठून पाहिलं तर पान दुसऱ्याच महिन्याचं होतं. असं वरचेवर होतं : कपाट चुकीच्या भिंतीला, खिडकी एक जास्तच.

कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स टार्ट यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तुला सगळीकडे पुरावा म्हणून दाखवतील. प्रयोगशाळेत झोपलेल्या एका तरुणीने उंच फळीवर ठेवलेला पाच आकडी अंक बरोबर सांगितला होता. ती तरुणी एकच होती, अंक एकदाच बरोबर आला, आणि घड्याळाच्या आवरणात त्या अंकाचं प्रतिबिंब दिसलं असण्याची शक्यता टार्ट यांनी स्वतःच नोंदवली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, हृदय बंद पडून वाचलेल्या रुग्णांसाठी अनेक रुग्णालयांत छताजवळच्या फळ्यांवर चित्रं ठेवली होती. त्यांतलं एकही चित्र कुणी सांगितलं नाही. तूही हे करून बघ. मैत्रिणीला पत्त्यांतलं एक पान न बघता कपाटावर ठेवायला सांग. मनात ना आस धरायची ना राग, जे निघेल ते लिहायचं. आणि बाहेर असताना पाहिलेल्या गोष्टीवरून कुणाला जाब विचारायचा नाही. रूममेट अमक्याशी बोलत होती, आईने तमकं लपवलं, असलं काही दिसलं तर ते वहीत ठेवायचं. त्यावर भांडण उभारलंस तर माणसं तुटतील.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. या साधनेतला सर्वांत मोठा शारीरिक धोका आहे खोट्या जागेपणाचा. तुला वाटतं जाग आली, उठलीस, दात घासलेस, गॅलरीत आलीस, आणि मग कळतं की हे अजून स्वप्नच आहे. वरचेवर सराव करणाऱ्यांना असं होतं. याच्या उलटही घडू शकतं : तू खरीच जागी असशील, झोपेची धुंदी उतरलेली नसेल, आणि तुला वाटेल मी बाहेर आहे, उडून बघते. तू सातव्या मजल्यावर राहतेस. म्हणून आजपासून एक नियम. जागेपणाची परीक्षा कधीही उंचीवर, पाण्यात, आगीजवळ किंवा रस्त्यावर करायची नाही, आणि उडी मारून तर कधीच नाही. नाक चिमटीत धर आणि श्वास घे. नाकातून हवा आली तर स्वप्न आहे. एखादी छापील ओळ वाच, नजर काढ, पुन्हा वाच. स्वप्नात अक्षरं बहुधा बदलतात. या परीक्षाही कधी चकवतात. म्हणून उत्तर काहीही आलं, तरी बाहेर असताना करायच्या गोष्टी म्हणजे हिंडणं, बघणं, भिंतीतून जाऊन पाहणं. उंचावरून झेप नाही. सवय अशी मुरव की स्वप्नातसुद्धा पाय कठड्याकडे वळणार नाहीत. सरावाच्या दिवशी गॅलरीचं दार लावून घे, आणि घरात कुणीतरी असू दे.

पद्धत तू बरोबर निवडली आहेस, वेळ चुकीची. साडेचार-पाच तास झोपून उठायचं, वीस-पंचवीस मिनिटं जागं राहायचं आणि भान ठेवून पुन्हा आडवं व्हायचं, ही पद्धत चालते, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. पण ती झोप मोडून केलेली असते, आणि तिचं कर्ज दुसऱ्या दिवशी फेडावं लागतं. रात्रपाळीच्या आठवड्यात बिलकुल नको. आठवड्यातून एकदाच, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच. त्या दिवशी दुचाकी चालवायची नाही. सलग दोन रात्री कमी झोप झाली असेल तर सराव नाही, झोप. त्याआधीचा एक महिना नुसती योगनिद्रा कर : शवासन, शरीरभर फिरणारं लक्ष, संथ श्वास, आणि शेवटी हातपाय हलवून पूर्ण उठणं. योगनिद्रा शिकवणाऱ्या चांगल्या संस्था आपल्याकडे आहेत, तिथे एखादं शिबिर केलंस तर उत्तमच. इथे कंटाळा करशील हे मला माहीत आहे. तरी कर. ज्याला नीट शिथिल होता येत नाही त्याला त्या उंबरठ्यावर फक्त भीतीच भेटते.

भांग, गोळ्या, पार्टीत मिळणारं केटामाइन, यांनीही शरीराबाहेर गेल्यासारखं वाटतं. केटामाइन तर भुलीचं औषध आहे. त्या वाटेला जाऊ नकोस. तिथे परतीचा क्षण तुझ्या हातात नसतो, आणि उलटी घशात अडकूनही माणसं दगावतात.

काही गोष्टी मला खरं-खरं सांग. तुला किंवा घरात कुणाला फिट येतात का? अर्धशिशी, चक्कर? घरात कुणाला भास होणं, अतिउत्साहाचे आणि खोल उदासीचे झटके येणं, असं काही झालंय का? दिवसा हापिसात बसल्या बसल्या अनावर झोप लागते का, किंवा हसताना गुडघे एकदम लुळे पडतात का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर सराव बंद आणि आधी डॉक्टर : मेंदूविकारांचे, झोपेचे किंवा मनोविकारांचे, जे लागेल ते. आणि एक खूण स्वतः जपून बघत राहा. भर दिवसा, चालताबोलता, आपण आपल्यालाच लांबून बघतोय, जग काचेपलीकडे आहे असं वाटू लागलं, तर तो सिद्धीचा प्रसाद समजू नकोस. लगेच थांब आणि मला कळव.

पतंजलींच्या योगसूत्रांत विभूतिपादात चित्ताच्या परशरीरप्रवेशाचं सूत्र आहे, हे तू लिहिलंस. बरोबर आहे. त्याच पादात, त्याच्या अगदी आधी, हेही आहे की या सिद्धी समाधीच्या वाटेत विघ्नं आहेत. योगवासिष्ठातली लीला राणी सरस्वतीबरोबर लोकांतरं हिंडून येते, पण ती निघते पतीच्या वियोगाने व्याकूळ होऊन, आणि हिंडून तिच्या हाती येतं ते ज्ञान.

हे लीलेचं मी मुद्दाम काढलं, कारण तू आजोबांबद्दल लिहिलं आहेस. त्यांना गाठण्यासाठी हे सगळं चाललंय, हे वाचून माझा जीव गलबलला. ते दिसतील, बहुधा दिसतीलच, कारण तुझं सगळं मन तिकडे लागलंय. दिसले तर डोळे भरून बघ, बोल, रड. त्या भेटीने मन हलकं झालं तर ते हलकेपण खरंच आहे. पण तिथे ऐकलेलं वाक्य आजोबांची आज्ञा मानू नकोस. नोकरी सोड, अमक्यापासून सावध राहा, आणि विशेषतः 'माझ्याकडे ये', यांपैकी काहीही. परत यावंसं वाटत नाही, असा विचार एकदा जरी मनात चमकून गेला तरी त्याच घडीला मला फोन करायचा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. मी उचलला नाही तर १४४१६ लाव. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही बोलतात. दुःखाला वेळ लागतो, मुली. आजोबांचं बोलायला आईजवळ बस. तिचे वडील होते ते.

शरीराबाहेर जाण्याची दीक्षा देणाऱ्या त्या शिबिराचं विचारलंस. जो गुरू ही दीक्षा एकांतात देतो म्हणतो, घरी सांगू नको म्हणतो, स्पर्शाशिवाय कवच उघडत नाही म्हणतो, किंवा तुझ्यावर बाधा आहे आणि ती उतरवायला इतके हजार लागतील म्हणतो, त्याच्याकडे जायचं नाही. अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून लोकांना घाबरवणाऱ्या, लुबाडणाऱ्या भोंदूंविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याखाली पोलिसांत तक्रार करता येते.

पुढच्या चार आठवड्यांत सराव नको. झोपेची वही मात्र ठेव : किती वाजता झोपलीस, किती वाजता उठलीस, उताणी की कुशीवर, कामाची पाळी कोणती, स्वप्न काय. माझ्या प्रश्नांची उत्तरं या रविवारपर्यंत पाठव. दिवाळीनंतर मी पुण्यात येणार आहे, तेव्हा वही घेऊन घरी ये, आणि पहिला सराव आपण माझ्या देखत, तळमजल्यावरच्या खोलीत करू.

तुझी,
मावशी