आईला कुठला सिनेमा दाखवू?

पत्र मोठं होतं. त्यातलं गरजेपुरतं इथे देते.

"ताई, मी २९ वर्षांची. रत्नागिरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. घर देवगड तालुक्यात. वडील मी नववीत असताना गेले. आई आणि तिची पन्नासेक कलमं, भाऊ-वहिनी डोंबिवलीला. गेली पाच वर्षं मी एका मुलीबरोबर राहते. ती गुहागरकडची, क्लासमध्ये गणित शिकवते. आमचं प्रेम आहे. आईला ती माझी मैत्रीण म्हणून माहीत आहे, आणि आवडतेही. दर मे महिन्यात 'तुझ्या मैत्रिणीक दी' म्हणून कोकमाच्या आगळाची वेगळी बाटली भरून देते. आता मालवणचं एक स्थळ आलंय, मुलगा बोटीवर आहे. गणपतीत ते लोक घरी येणार. मला त्याआधी आईला सांगायचंय, पण तोंड उघडत नाही. म्हणून विचार केला, चतुर्थीला गेले की एखादा सिनेमा दाखवावा, म्हणजे विषय आपोआप निघेल. मागे टीव्हीवर सोनम कपूरचा तो सिनेमा लागला होता. आई मधेच दिवा लावायला उठली, पण परत येऊन बसली. शेवटी एवढंच म्हणाली, 'बापूस बरो गावलो तेका.' आणि भाताचं बघायला गेली. तर कुठला सिनेमा दाखवू?"

अगं, तू सिनेमाचं नाव विचारलंस आणि मी तुझ्या आईच्या त्या एका वाक्यावर अडकून बसले आहे. तू ते जाता जाता लिहिलंस. मी तीनदा वाचलं.

'एक लडकी को देखा तो ऐसा लगा' २०१९ चा. पंजाबातल्या मोगा गावची मुलगी, तिचं एका मुलीवर प्रेम, आणि अनिल कपूर तिचा बाप. ज्या बाईला हे सगळं किळसवाणं वाटतं, ती चॅनल बदलते. नाहीतर 'काय मेलं दाखवतात' म्हणते. तुझी आई दिवा लावून परत येऊन बसली, आणि शेवटी तिला बाप दिसला. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली बाई 'बापूस बरो गावलो' म्हणते तेव्हा ती कुणाबद्दल बोलत असते, सांग बघू. मला नक्की माहीत नाही, आणि आई सगळं ओळखून आहे असंही मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तू त्याच भरवशावर आणखी दोन वर्षं गप्प बसशील. पण तिच्या मनाचं दार तू समजतेस तितकं घट्ट लावलेलं नाही, एवढं मला त्या वाक्यात दिसतं.

त्याच सिनेमातली आणखी एक गोष्ट आठव. त्यातही तुझ्यासारखाच बेत असतो. मुलगी स्वतः बोलू शकत नाही, म्हणून तिची गोष्ट गावासमोर नाटकातून मांडायची. आणि होतं काय? लोक खुर्च्यांवरून उठून चालू लागतात. शेवटी बाप रंगमंचावर जाऊन तिला मिठीत घेतो ते खरं, पण तो नुसतं नाटक बघून बदललेला नसतो. नाटकाच्या आधी बरंच काही घडून गेलेलं असतं. आणि बाप स्वतःही हौशी स्वयंपाकी. 'पुरुषाने चुलीपाशी जायचं नाही' म्हणणाऱ्या आईच्या धाकात त्याचा जन्म गेलेला. मन मारणं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. हा धागा लक्षात ठेव, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

'फायर' दाखवू नकोस. मला तो सिनेमा मोलाचा वाटतो. १९९८ च्या डिसेंबरात मुंबईत त्याच्यावरून थिएटरांची मोडतोड झाली तेव्हा मी तिथे नोकरीला होते. डबा खाताना ऑफिसात प्रत्येकाला मत होतं, सिनेमा मात्र एकानेही पाहिलेला नव्हता. मग तो परत सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारीत एकही कट न होता पुन्हा लागला. शबाना आझमी, नंदिता दास, दोघी अप्रतिम. पण त्यात दोघींचे नवरे एकाहून एक. एक ब्रह्मचर्याच्या मागे लागलेला, दुसऱ्याचं बाहेर प्रकरण. तुझी आई म्हणेल, 'घोव बरे असते तर ह्या झाला नसता.' आणि मालवणचा मुलगा तर बरा आहे! मग तू काय उत्तर देणार?

'बधाई दो'बद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्रात खाली एक ओळ आहे, 'नाहीतर लग्न करून टाकते आणि बघते'. त्या सिनेमात भूमी पेडणेकर आणि राजकुमार राव घरच्यांचं तोंड बंद करायला एकमेकांशी लग्न करतात. दोघांना एकमेकांबद्दल सगळं माहीत असतं, तरी नाकी नऊ येतात. तुझ्या त्या मुलाला काहीच माहीत नाही. तो सहा महिने समुद्रावर राहील म्हणून हिशेब जमेल असं वाटत असेल, तर तो हिशेब आत्ताच पुसून टाक. त्याचाही जन्म आहे गं.

आता धाग्याकडे येते. 'सेव्हिंग फेस' नावाचा २००४ चा सिनेमा आहे, ॲलिस वू या चिनी वंशाच्या अमेरिकन दिग्दर्शिकेचा. न्यूयॉर्कमधली चिनी वस्ती, आणि तिथे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. आपल्या वाडीत संध्याकाळी घाटीवर बसणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आण, फक्त चिनी बोलणाऱ्या. नायिका सर्जन आहे, एका नर्तकीच्या प्रेमात. आईला चोरून. आणि एक दिवस आईच तिच्या दारात सामान घेऊन उभी राहते. अठ्ठेचाळीस वर्षांची विधवा, पोटात मूल, बाप कोण ते सांगायला तयार नाही. आजोबांनी घराबाहेर काढलेलं.

म्हणजे 'लोकां काय म्हणतीत' या भीतीने दोघी एकाच खोलीत बसल्यात, आपापलं गुपित पोटाशी धरून, आणि टीव्ही बघतायत. मी तो सिनेमा पाहिला तेव्हा इथे थांबवून चहा करून आले. इतकी वर्षं मी अशा पत्रांना उत्तरं देतेय, आणि प्रत्येक मुलगी आईला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवून पत्र लिहिते. आई मात्र बहुतेकदा आरोपीच्या पिंजऱ्यात असते. त्या सिनेमात मुलगी शेवटी सांगते तेव्हा आई जे बोलते, त्याचा अर्थ असा: मी वाईट आई नाही, माझी मुलगी तशी नाही. ही दोन वाक्यं ती एका दमात बोलते. तुझी आईही बोलेल. 'माजा काय चुकला?' हे पहिलं येईल, तू तयार राहा. एकटीने मुलगी वाढवलेल्या बाईला वाडी नेमकं हेच विचारणार, हे तिला त्याच क्षणी दिसणार आहे.

तेव्हा सिनेमा राहू दे बाजूला, आधी तिचं विचार. वडील गेले तेव्हा ती किती वर्षांची होती? चाळिशीसुद्धा नसेल. कुणी काय काय बोललं तिला? पहिल्या वर्षी हळदीकुंकवाला बोलावणं आलं होतं का? गौरीला ओवसायला बायका सुपं घेऊन जमतात तेव्हा ती कुठे असते? तू हे तिला कधी विचारलं नसशील. आपण विचारत नाही.

आणि चतुर्थीत मुळीच सांगू नकोस. घरात चाकरमानी, माजघरात नारळांचा ढीग, आई पहाटे चारपासून उकडीत हात घालून. त्यात मालवणचे पाहुणे बाहेर पडवीत. तिला रडायला कोपरासुद्धा मिळायचा नाही. आधीच जा, आत्ता पावसात, जोडून सुट्टी घेऊन. तिच्या समोर बसू नकोस, बाजूला बस. हातात काम असू दे दोघींच्या, लसूण सोला, वाल निवडा, काहीही. नजर कामावर असली की जीभ सुटते. आणि स्थळाच्या लोकांना नकार आधी तूच कळव. तो तिच्या गळ्यात घालू नकोस.

काय बोलायचं? जी भाषा घरात बोलतेस, तीच. समलिंगी, लैंगिकता असले शब्द बरोबर आहेत, पण तिच्यासाठी ते वर्तमानपत्रातले. 'आये, माका लगीन करूचा नाय. माजो जीव हिच्यार आसा.' एवढं पुरे. ही कोण ते तिला कळेल. आगळाची बाटली तीच भरते ना.

नंतर काय होईल ते सांगते, म्हणजे घाबरणार नाहीस. दोन दिवस अबोला. मग देवळात गाऱ्हाणं, कदाचित कौलही लावेल. लावू दे. देवाने उजवा दिला तर बरंच, डावा दिला तर ती दुसऱ्या देवळात जाईल, आपल्याकडे देवळं काय कमी आहेत? पण कुणी 'बाहेरचं झालंय' म्हणून बुवाकडे न्यायला निघालं, किंवा 'औषधाने बरं होतं' म्हणणारा डॉक्टर शोधला, तर तिथे पाय रोवून उभी राहा. हा आजार नाही. असले 'उपचार' करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलंय. ६ सप्टेंबर २०१८ पासून तुमचं नातं गुन्हा नाही. भाऊ तापट आहे असं लिहिलंस, म्हणून आणखी एक: शाळा-कॉलेजचे दाखले, आधार, बँकेची कागदपत्रं गावच्या कपाटात असतील तर ती आधी रत्नागिरीला आण. वापर करायची वेळ येऊ नये, पण आण.

लग्नाचा हक्क मात्र सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला दिला नाही. तैवानमध्ये २०१९ पासून आहे, थायलंडमध्ये २०२५ पासून. आपल्याकडे नाही. आणि इथे मला तुझ्याशी एक रूक्ष गोष्ट बोलायची आहे.

मी लहान असताना आमच्या गावात दोन बाया राहायच्या. एक शाळेत शिक्षिका, दुसरी नर्स. दोघी बिनलग्नाच्या, एक घर, एक गाय. गाव त्यांना 'दोघी बाई' म्हणायचं. कुणी काही विचारलं नाही, बाळंतपणाला नर्सबाई आणि शिकवणीला मास्तरीणबाई सगळ्यांना हव्याच होत्या. मग मास्तरीणबाई वारल्या. तेराव्यानंतर मुंबईचा पुतण्या कुलूप घेऊन आला, कारण घर मास्तरीणबाईंच्या नावावर. नर्सबाई एक ट्रंक आणि शेगडी घेऊन एसटीची वाट बघत बसलेल्या मला आठवतात. शेगडी कशाला घेतली होती कोण जाणे. गावातलं कुणी वाईट नव्हतं. कुणी काही बोललं मात्र नाही.

दोनेक वर्षांपूर्वी हाँगकाँगचा एक सिनेमा आला, 'ऑल शॅल बी वेल', आणि मला ती ट्रंक दिसली. अँजी आणि पॅट, साठीपुढच्या दोघी, चाळीसेक वर्षांचा संसार. पॅटच्या भावाचं कुटुंब त्यांच्याकडे सणाला जेवायला येतं, पोरं अँजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. सगळ्यांनी स्वीकारलेलं, अगदी तुला हवं तसं. सणाच्या त्याच रात्री पॅट झोपेतच जाते. मृत्युपत्र नाही, घर तिच्या नावावर. तिच्या अस्थी समुद्रात सोडायच्या होत्या, पण त्यांचं काय करायचं तेही भावाच्या घरचेच ठरवतात. आणि हे सगळं ती प्रेमळ माणसंच करतात.

तेव्हा आईने हो म्हटलं की सगळं मिटलं असं समजू नकोस. दोघींनी मृत्युपत्रं करा. वय लहान आहे म्हणून हसू नका. दोघींचं मिळून बँकेत खातं काढता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं, सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलंय. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून मृत्युपत्र हवंच. कलमांच्या सातबाऱ्यावर आधीच किती चुलत्यांची नावं आहेत ते तुला माहीत असेल, ती भानगड आज काढू नकोस.

आईला कधी कुणाशी बोलावंसं वाटलं, तर मुंबईत 'स्वीकार' नावाचा अशाच आईबापांचा गट आहे. 'माती माय' सिनेमा करणाऱ्या चित्रा पालेकर आपल्या मुलीबद्दल अनेक वर्षं जाहीरपणे बोलत आल्यात, आणि मराठीत बोलतात. आईला मराठीत बोलणारी दुसरी आई भेटणं हे माझ्या पत्रापेक्षा कामाचं.

आता तुझा प्रश्न. तरीही सिनेमाच दाखवायचा असेल तर 'सेव्हिंग फेस' दाखव. पण एक अडचण आहे. त्यातली माणसं निम्मं चिनी बोलतात, निम्मं इंग्रजी, आणि खाली अक्षरंही इंग्रजी. तुझी आई ती वाचणार नाही. म्हणजे शेजारी बसून प्रत्येक वाक्य तुलाच मालवणीत सांगावं लागणार. 'ती म्हणता, आये, माजा तुज्यार प्रेम आसा. आणि माजा हिच्यारय प्रेम आसा.'

ती तुला कुठल्या वाक्याला थांबवते, ते मला कळव.