‘बाबा येला’ म्हणणारी लेक

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. वर्षभरापूर्वी ती ‘बाबा आला’, ‘मी केलं’ असं स्वच्छ बोलायची. आता ‘बाबा येला’, ‘मी करलं’ म्हणते. सासूबाई म्हणतात, आई दिवसभर ऑफिसात, मग पोरीची भाषा बिघडणारच. मी दर वेळी ‘नीट म्हण’ म्हणून सुधारते. हल्ली ती माझ्याशी बोलणंच टाळते, आजीशी मात्र भरभरून बोलते. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, लेकीची भाषा बिघडलेली नाही, पुढे गेली आहे. धर-धरलं, भर-भरलं, मग कर-करलं का नाही? पड-पडला, बस-बसला, तर ये-येला! आधीचं ‘केलं’ तिनं ऐकून जसंच्या तसं उचललं होतं. आता तिला नियम सापडलाय आणि तो ती सगळीकडे लावून बघतेय. तुमच्या घरात मोठं माणूस कुणी ‘करलं’ म्हणत नसणार. तो शब्द तिनं स्वतः घडवलाय.

1958 मध्ये अमेरिकेत भाषा-अभ्यासक जीन बर्को यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं. नाव ‘वग’. मग तसे दोन दाखवले. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक मुलांनी इंग्रजीच्या नियमानं बरोबर केलं : ‘वग्ज’. नक्कल आणि शाबासकी यांतून भाषा येते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचं म्हणणं इथे तोकडं पडतं. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की म्हणतात, भाषेची जाण माणूस जन्मतःच घेऊन येतो. मला मानसशास्त्रज्ञ ब्रूनर अधिक पटतात : जाण असली तरी समोर बसून बोलणारं मायेचं माणूस लागतंच.

म्हणून ‘नीट म्हण’ आजपासून बंद. ‘आजीनं लाडू करले’ म्हणाली, की ‘हो? लाडू केले? कशाचे केले?’ असं विचारा. बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत. सासूबाई बहुधा नकळत हेच करतात. त्यांना तसं सांगा, त्यांना बरं वाटेल. दोष तुमच्या नोकरीचा नाही.

मात्र हाक मारल्यावर ती वळत नसेल किंवा येणारे शब्दच सगळ्यांसमोर हरवत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या.

सुरुवातीला ती गप्प राहील. घाई नको. तुम्हीच तुमचा दिवस तिला सांगा : बसमध्ये खिडकी मिळाली, डब्यातली भाजी कुणी खाल्ली.