सोलो पाठ झाला, पण टोन का सापडत नाही?

प्रश्न : मी काही वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार शिकत आहे. रॉक गायक ऑझी ऑस्बॉर्न यांच्या 'मिस्टर क्रॉली' या गाण्याच्या अखेरीस त्यांचे गिटारवादक रँडी ऱ्होड्स यांनी वाजवलेला सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) मी टॅबवरून (तारा आणि पडद्यांचे आकडे देणाऱ्या लिपीवरून) पाठ केला आहे. परंतु मूळ लयीत जलद जागांवर बोटे अडखळतात. त्यांच्यासारखा टोन, म्हणजे आवाजाचा पोत, मिळावा म्हणून एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस हे आवाज फाटका करणारे पेडलही घेतले, तरी घरच्या छोट्या अँपमधून (अँप्लिफायरमधून) आवाज पातळ आणि चिरका येतो. आता आणखी काय घ्यावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तूर्त काहीही विकत घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. हे गाणे ज्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' अल्बममध्ये आहे, तो १९८० मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या रिज फार्म स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, आणि तेथे ऱ्होड्स आपले सोलो एकदा वाजवून थांबत नसत. तोच सोलो सुरासुरांनिशी पुन्हा वाजवून ते पहिल्या ध्वनिमुद्रणावर चढवत असत. दोन वेळच्या वादनांत वेळेचा आणि सुराचा जो केसभर फरक राहतो, त्यातूनच तो भरदार आवाज निर्माण होतो, आणि म्हणून तो एका गिटारमधून जसाच्या तसा निघणे शक्य नाही. आपण स्वतःचा सोलो संगणकावर दोनदा मुद्रित करून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवून ऐका. दुसऱ्या खेपेस पहिल्याशी जुळवून वाजवताना आपले वादन कोठे ढिले आहे, हे कोणत्याही शिक्षकाने सांगण्याआधी आपल्याला कळेल. एकट्या गिटारचा टोन गाठायचा असेल, तर १९८७ मध्ये प्रकाशित झालेला 'ट्रिब्यूट' हा मैफलींच्या ध्वनिमुद्रणांचा अल्बम समोर ठेवावा.

पेडलविषयी एक महत्त्वाची गोष्ट अशी, की ऱ्होड्स यांच्याकडे ते मोठ्या आवाजात चालणाऱ्या शंभर वॉटच्या मार्शल अँपला जोडलेले असे. तापलेल्या व्हॉल्व्हांमुळे (निर्वात नळ्यांमुळे) अँपचा आवाज मुळातच फाटलेला असायचा आणि पेडल त्याला केवळ पुढे ढकलत असे. स्वच्छ आवाजाच्या लहान अँपवर सगळा भार पेडलवरच पडतो, म्हणून आवाज चिरका होतो. अँपचा गेन, म्हणजे आवाज फाटण्याचे प्रमाण, थोडा चढवावा, पेडलवरील डिस्टॉर्शनची कळ निम्म्याच्या खाली आणि आउटपुटची कळ वर ठेवावी आणि मिड्स, म्हणजे मधले सूर, वाढवावेत. घरी हळू आवाजात खर्ज आणि तीव्र सूर कानाला कमी जाणवतात, म्हणून आपण बेस आणि ट्रेबल चढवत जातो. मधले सूर मात्र त्यात बुडतात आणि नेमका सोलो त्यांवरच उभा असतो. गेन जास्त ठेवल्यास चुका झाकल्या जातात, हे त्याचे सर्वांत मोठे नुकसान आहे.

आता जलद जागांकडे वळतो. हा सोलो डी मायनरमध्ये आहे आणि त्याखालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) एकामागून एक बदलत जातात. ऱ्होड्स यांचे स्वर त्या बदलांना धरून चालतात. म्हणून आधी कॉर्ड वाजवून पाहावेत आणि प्रत्येक जागा कोणत्या कॉर्डवर येऊन थांबते, ते ओळखावे. टॅबमधले आकडे पाठ असले, तरी हे ठाऊक नसेल, तर वेग वाढताच बोटे वाट चुकतात. त्यानंतर एका दमात येतील एवढेच स्वर घेऊन मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) लावून मूळच्या निम्म्या लयीत वाजवावे, पुढच्या तुकड्याचा पहिला स्वर मात्र त्यात अवश्य घ्यावा, कारण अडखळणे बहुधा दोन तुकड्यांच्या सांध्यावर होते. उजव्या हातातील पिकचे (तार छेडण्याच्या पट्टीचे) फटके आणि डाव्या हाताची बोटे एकाच क्षणी पडतात का, हे अँप बंद ठेवून ऐकल्यास लगेच समजते. न वाजणाऱ्या तारा उजव्या तळव्याच्या कडेने आणि डाव्या तर्जनीच्या पोटाने दाबून ठेवाव्यात, अन्यथा गेनवर त्या गुणगुणत राहतात.

बेंडसाठी, म्हणजे तार ओढून स्वर चढवण्यासाठी, आधी अपेक्षित स्वर त्याच्या पडद्यावर वाजवून घ्यावा, मग तार ओढून तोच स्वर गाठावा, आणि तो पूर्ण लागल्याखेरीज व्हायब्रॅटो (स्वराचे आंदोलन) सुरू करू नये. माझ्या मते ऱ्होड्स यांची ओळख वेगापेक्षा या लांब स्वरांतच अधिक आहे, आणि आपल्या सरावाचा मोठा वाटा तेथेच खर्च व्हावा. एवढे केल्यावरही आवाज पातळ वाटला, तर पेडलऐवजी बारा इंची स्पीकर असलेल्या अँपवर एकदा वाजवून पाहावे.