कोरीवकामाची पत्रे : धार, भेग आणि शिकवणाऱ्याचा हात

प्रश्न : कोरीवकामाच्या बारा पटाश्यांचा संच घेतला. फुलाची पाकळी कोरताना एका बाजूला काप गुळगुळीत येतो, दुसऱ्या बाजूला लाकूड उचकटते. लाकूड वाईट की माझा हात?

दोघांनाही सोडा, आधी पटाशी बघा. नवी पटाशी बहुतेक वेळा वापरायला तयार नसते, तिला धार तुम्हीच लावायची. पारख सोपी आहे. मऊ लाकडाच्या तुकड्यावर तंतूंच्या रेषांना आडवा एक काप घ्या. तो चकाकला पाहिजे. त्यात बारीक पांढरी रेघ उमटली तर धारेला नेमकी तिथे खाच आहे. पुन्हा दगडावर जा. तोंडाचा उतार २० ते २५ अंश ठेवा आणि गोल पटाशी मनगटाने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवत घासा. शेवटी चामड्यावर ओढा, धार नेहमी मागे ठेवून, नाहीतर चामडे चिरेल.

एवढे करूनही एक बाजू उचकटेलच. पाकळी गोल असते, लाकडाची रेषा सरळ. गोल कड एका दमात कापत गेलात, तर चारपैकी दोन भागांत तुम्ही रेषेबरोबर चालता आणि दोन भागांत रेषेच्या विरुद्ध. विरुद्ध गेले की धार तंतूंच्या खाली शिरते आणि तंतू कापला न जाता पुढे फाटत जातो. तिथे थांबा आणि समोरच्या टोकाकडून या. तुकडा फिरवा किंवा पटाशी दुसऱ्या हातात घ्या. डावा हात तयार करायला सगळेच कुरकुरतात. करा तरीही, त्याने निम्मी उठबस वाचते.

संचाचे म्हणाल तर बारांतल्या तीन-चारच रोज हातात येतील. दांड्याजवळ आकडा असेल तर तो बहुधा गोलाईचा असतो, रुंदी वेगळी लिहितात. ३ म्हणजे जवळजवळ सपाट, ९ म्हणजे अर्धवर्तुळ. एक ३, एक ९, एक व्ही आकाराची आणि एक बारीक सुरी, एवढ्यावर बराच काळ निघतो. बाकीच्या तेल लावून ठेवून द्या.

प्रश्न : तोडलेल्या झाडाच्या ओंडक्यातून घुबड कोरले. दोन-तीन महिन्यांत डोक्यापासून पायापर्यंत भेग गेली. आता भुसा आणि डिंक भरू का?

सध्या काही भरू नका. ही भेग ओंडक्यात आधीपासूनच ठरलेली होती. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की लाकूड आक्रसू लागते, आणि ते सगळीकडे सारखे आक्रसत नाही. वर्तुळांच्या दिशेने जेवढे, त्याच्या निम्म्याच्या आसपासच गाभ्यापासून सालीच्या दिशेने. अख्ख्या ओंडक्यात मधला गाभा तसाच असतो, त्यामुळे बाहेरच्या भागाला आत सरकायला जागाच नसते. मग तो कुठेतरी फुटणारच.

पुढच्या वेळी ओंडका मधोमध चिरून गाभा काढून टाका, दोन्ही तोंडांना मेण लावा आणि सावलीत वारा लागेल असा ठेवा. वाळायला दर इंच जाडीला एक वर्ष, हा जुना हिशोब अजून बरा आहे. मूर्ती मोठी असेल तर पाठीकडून पोखरा. पंधराव्या-सोळाव्या शतकात जर्मनीत टिलमान रीमेनश्नायडर यांनी लिंडेन लाकडाच्या मूर्ती कोरल्या, त्यांतल्या कितीतरी मागून अशाच पोकळ आहेत. समोरून कुणाला पत्ताही लागत नाही. दुसरा मार्ग जोडकामाचा. कैरोच्या संग्रहालयात का-आपेर या प्राचीन इजिप्तमधल्या अधिकाऱ्याचा लाकडी पुतळा आहे, साडेचार हजार वर्षांच्या आसपासचा. त्याचे हात वेगळे कोरून बसवलेले आहेत.

घुबडाच्या भेगेवरून सगळे ऋतू जाऊ द्या. ती उघडायची-मिटायची थांबली, की त्याच लाकडाची पातळ पाचर रेषा जुळवून बसवा. भुशाचा लगदा वाळला की तोही आक्रसतो, आणि डाग उरतो तो निराळाच.

प्रश्न : शेवटी पॉलिश पेपर मारावा की नाही?

मारायचाच असेल तर पटाशीचे काम पूर्ण संपल्यावर. पेपरची खर लाकडात रुतून राहते आणि पुन्हा पटाशी लावली की धार जाते. आणि तोंडाला मास्क बांधा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत धरली आहे. मला स्वतःला पटाशीचा उघडा काप आवडतो. पेपर मारलेले कोरीव पान मला साबणाचे वाटते.

प्रश्न : मी हल्लीच मुलांना कोरीवकाम शिकवू लागले आहे. काम बिघडताना बघवत नाही, मग त्यांच्या हातातून घेऊन नीट करून देते. घरचेही वस्तू बघून खूश होतात. तुम्ही काय करता?

ताई, मी शिकणाऱ्याच्या लाकडाला हात लावत नाही. कधीच नाही. माझ्याजवळ त्याच जातीच्या लाकडाची एक फळी कायम पडलेली असते. मुलगा अडला की तीच गोलाई मी माझ्या फळीवर कापून दाखवते, सावकाश, गप्प राहून. बोलायला लागले की पोरे तोंडाकडे बघतात, मनगटाकडे नाही. मग तो त्याच्या तुकड्याकडे जातो आणि बहुतेक वेळा पुन्हा बिघडवतो. बिघडवू दे. तुम्ही मारलेले दोन काप त्याच्या पानात राहिले, तर ते पान त्याला कधीच आपले वाटत नाही. घरच्यांना फरक कळणार नाही, पण त्याला पक्का माहीत असतो.

बघायचेच असेल तर वस्तूऐवजी ढलपी बघा. धार आणि दिशा जमली असेल तर ढलपी अखंड, वळलेली निघते. जमली नसेल तर चुरा पडतो. लांबूनसुद्धा आवाजावरून कळते, बोथट पटाशीवर हातोडा जड, बद्द वाजतो. अशा वेळी मी काम थांबवून मुलाला दगडाकडे पाठवते. सुरुवातीचे बरेचसे दिवस धार लावण्यातच जातात आणि त्यात काही मुले गळतात. तुमच्याकडचीही गळतील. त्यांना धरून ठेवण्यासाठी लगेच गणपती कोरायला देऊ नका.

घरच्यांना मात्र एकदा बोलावून वर्गात बसवा, वस्तू दाखवायला नव्हे, काम बघायला. आणि तुकडा टेबलाला क्लॅम्पने आवळल्याशिवाय कुणाच्याही हाती पटाशी देऊ नका. एका हाताने लाकूड धरून दुसऱ्याने कोरणारे मूल दिसले की बाकी सगळे सोडून आधी तिकडे जा. दोन्ही हात धारेच्या मागे असले पाहिजेत, ते मोठ्यांनाही सांगावे लागते.