वारीच्या पिशवीतली गोळी

"मॅडम, देवावर विश्वास आहे आमचा. मग गोळ्या कशाला?" आणि याच्या अगदी उलट, "मॅडम, आईला एकदा समजवा की देव वगैरे काही नसतं, म्हणजे ती ताईच्या गोळ्या बंद करणार नाही."

नाशिकमध्ये 17 वर्षं समुपदेशन करताना हे दोन्ही प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलेत की आता ते मला एकच प्रश्न वाटतात. दोघांनीही मनाशी धरून ठेवलंय की देव आणि औषध यांतलं एकच काय ते निवडायचं असतं. ही निवड कुणी घातली, असं मी विचारते तेव्हा सहसा उत्तर येत नाही. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नाशिकरोडचं कुटुंब. वडील प्रेसमधून निवृत्त, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर पायी जाणारे. आई गडावरच्या सप्तशृंगीची भक्त. मुलगा निखिल अंबडला कारखान्यात इंजिनिअर. धाकटी मेघा, वय 22. बारावीच्या सराव परीक्षेत तिला पहिली फिट आली. मेंदूच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी 14 महिने एकही फिट नव्हती. मग नात्यातल्या कुणीतरी एका भगताचा पत्ता दिला. त्याने गंडा बांधला, पुड्या दिल्या आणि अट घातली: डॉक्टरची गोळी पोटात असेल तर माझा गुण येणार नाही. गोळ्या एका दिवसात बंद झाल्या. अकराव्या दिवशी मेघाला लागोपाठ दोन फिट आल्या, डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. ती माझ्यासमोर बसली तेव्हा भुवईवर टाके होते.

पहिल्या भेटीत फक्त निखिल बोलला. पुरावे, अभ्यास, आकडे. शेवटी आईकडे बोट करून म्हणाला, "हिच्या देवानं फोडलंय तिचं डोकं." आईने पदर तोंडाला लावला आणि मुलगी जमिनीकडे बघत राहिली.

मी निखिलला बाहेर नेऊन एकच विचारलं, "तुझं म्हणणं बरोबर आहे. मग गेल्या चार वर्षांत ते आईला एकदा तरी पटलं का?"

"नाही."

"मग तीच गोष्ट अजून मोठ्या आवाजात का सांगतोयस?"

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडले. एलिस स्वतः नास्तिक होते, पण पुढे त्यांनीही भूमिका मवाळ केली. माणसाला छळते ती श्रद्धा नव्हे, तिच्यातला हट्ट. मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो: च. मुलगी पूर्ण बरी झालीच पाहिजे, हा आईचा च. आईने माझ्यासारखाच विचार केला पाहिजे, हा निखिलचा. निखिलला स्वतःचा च दिसायला तीन भेटी लागल्या. विवेकाची बाजू घेणाऱ्यांना हे जड जातं. मलाही गेलं होतं.

आईशी मी देवाबद्दल वाद घातला नाही. कॅलेंडरं मागितली. आपल्याकडे बायका भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध, गॅस, एकादशी सगळं लिहितात, आणि या आईने तर मुलीची प्रत्येक फिट लाल पेनने गोल करून ठेवली होती. चार वर्षांची कॅलेंडरं ती कापडी पिशवीत घालून घेऊन आली. आम्ही ती सतरंजीवर पसरली. मी म्हटलं, "आता प्रत्येक उपाय कधी केला तेही निळ्या पेनने लिहा." ताईत, अंगारा, नारायण नागबळी, कुणा वैदूचा काढा.

लिहिता लिहिता तिचा हात थांबला. "मॅडम, प्रत्येक निळी खूण लालच्या पाठीमागे एक-दोन दिवसांतच आलीय."

"का बरं?"

"फिट आली की आपण धावतोच ना."

हेच तर. या आजारात फिट आल्यावर पुढची येईपर्यंत मध्ये आठवडे किंवा महिने जाऊ शकतात, काही केलं नाही तरी. उपाय नेहमी सर्वांत वाईट दिवसाला चिकटून सुरू होतो, त्यामुळे पुढचे बरे दिवस त्याच्या खात्यावर जमा होतात. मुठीत कांदा किंवा नाकाला चप्पल लावण्याचंही तेच. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. कांदा शोधून आणेपर्यंत ती थांबायलाच आलेली असते. खरं तर त्या वेळी माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.

कॅलेंडरवर सलग 14 महिने लाल खूण नव्हती, ते गोळ्यांचे महिने. ते मी बोलून दाखवलं नाही. तिने ती पानं स्वतःच दोनदा उलटून पाहिली.

तरीही ती म्हणाली, "पण भगतानं कायमचं बरं करतो म्हटलं होतं." खरी गाठ इथे होती. डॉक्टर नियंत्रण म्हणतात, तो कायमचं म्हणाला. रोज रात्री नऊला मुलीच्या तळहातावरची गोळी आईला सांगत होती की मुलगी आजारी आहे, तिचं लग्न कसं होणार. भगताने तिच्यापुढून ती गोळीच उचलून नेली. अंधश्रद्धा म्हणून ज्यावर आपण तुटून पडतो, तिच्या तळाशी बहुतेक वेळा असं एखादं न सोसणारं दुःख असतं. त्या दुःखाला हात न लावता केलेला युक्तिवाद वाया जातो, हे मी अनुभवाने सांगते.

माऊली, म्हणजे वडील, दोन भेटी गप्प होते. तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, "माऊली, वारीला निघता तेव्हा पिशवीत काय काय असतं?"

ते खुलले. "टाळ, पंचा, धोतराचं दुसरं पान, हरिपाठाचं पुस्तक, बुक्क्याची डबी..." आणि थांबले.

"अजून?"

"बीपीच्या गोळ्या."

"किती वर्षं?"

"नऊ."

"विठ्ठल रागावला का कधी?"

ते हसले नाहीत. आईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तुमची गोळी देवाला चालते, आणि माझ्या पोरीची नाही?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा शांततेत समुपदेशकाने तोंड उघडू नये, हे मी शिकले आहे. मग वडील हळूच म्हणाले, "मी कधी विचारच केला नाही. माझी गोळी म्हणजे वय झालं, एवढंच वाटायचं. हिची गोळी म्हणजे..." पुढचं त्यांना बोलवेना.

मला त्या दिवशी जे लख्ख दिसलं ते असं. या माणसाच्या श्रद्धेतच उत्तर नऊ वर्षं पडून होतं. मला फक्त पिशवी उघडायला लावायची होती.

आता माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांसाठी. पूजा करा, गडावर जा, अंगारा लावा. श्रद्धेला पुरावा मागायचा नसतो. पण कुणी "मी आजार बरा करतो" म्हणाला की तो दावा झाला, आणि दाव्याला प्रश्न विचारायचेच. पुडीत काय आहे? ते कागदावर लिहून सही करून देणार का? चालू गोळ्या बंद करायला का सांगता? "शंका घेतली तर गुण येत नाही" असं ऐकलं की उठून या, कारण त्या वाक्यात त्याने अपयशाचं खापर आधीच तुमच्या डोक्यावर फोडलेलं असतं. या घराला त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींनी तीन दिवसांचा विधी सांगितला होता, पण गोळी बंद करा असं ते एका शब्दानेही म्हणाले नव्हते. हा फरक आईनेच मला दाखवला.

"पण पुडीनं कुणाकुणाला फरक पडतो ना?" हेही विचारतात. पडू शकतो. फिटवरच्या अशा पुड्यांत फिनोबार्बिटोनसारखं आधुनिक औषधच वाटून मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे गोळी तीच, फक्त किती पोटात जाते ते कुणालाच माहीत नाही.

आपल्या परंपरेनेही या आजाराला भूतबाधा म्हणून सोडून दिलेलं नाही. चरकसंहितेत अपस्मार, म्हणजे हाच फिटचा आजार, रोग म्हणून येतो. आजच्या औषधांनी दहातले सुमारे सात रुग्ण फिटमुक्त राहू शकतात. फिटची गोळी मात्र डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. उपवासाला गोळी चालते. जागरणाचा मात्र विचार करा, कारण झोपमोडीने फिट येऊ शकते.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. 1954 च्या कायद्याने अपस्मार बरा करण्याच्या जाहिरातींवर बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले, आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. आणि लग्नाची काळजी करणाऱ्या आयांनो, हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट 1999 मध्येच काढून टाकली आहे. आजार लपवू नका, सांगून लग्न करा.

मेघाला मी शेवटी विचारलं, आणि ते पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. ती म्हणाली, "माझं काय करायचं ते ठरतं तेव्हा मी त्या खोलीत असले पाहिजे." आता डॉक्टरांकडे ती स्वतः बोलते. गोळी रात्री हरिपाठानंतर घेते. वडील टाळ खुंटीला लावतात आणि पाण्याचा तांब्या पुढे करतात. आईने गडावर जाऊन राहिलेला नवस फेडला, निखिल गाडी चालवायला बरोबर होता.

मध्ये एकदा फिट आली. आईचा फोन आला, आवाज कापत होता, पण ती म्हणाली, "मॅडम, कुठं धावले नाही. डॉक्टरांना कळवलं. कॅलेंडरवर लाल गोल केला, आणि शेजारी लिहिलं, आदल्या रात्री भाचीच्या हळदीला जागरण, गोळी विसरली."